जांजगीरच्या बाई आणि बॅलीचा दगड

परदेशातल्या कबरस्तानांत आपल्याकडची गावं शोधायचा मला जुना नाद आहे. मीरत, कानपूर, लखनौ ही नावं विलायतेतल्या चर्चच्या भिंतींवर ढिगानं सापडतात, त्यात फारशी मजा नाही. फौजी माणसं फौजेच्या गावी मरायचीच. खरी गंमत येते ती अहमदनगर, जालना असली नावं बर्फाच्या मुलखात दगडावर भेटतात तेव्हा. कुणीतरी इथं येऊन आयुष्य काढलेलं असतं, आणि मागं राहिलेल्यांनी कधीही न पाहिलेल्या त्या गावाचं नाव पाथरवटाला एकेक अक्षर सांगून कोरून घेतलेलं असतं.

या नादात सापडलेला एक दगड बरीच वर्षं माझ्या डोक्यात ठाण मांडून आहे. तो आहे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बॅली या गावी, हेरफर्ड मेनोनाइट मंडळीच्या कबरस्तानात. त्याच्याखाली कुणीही पुरलेलं नाही. त्यावर नाव आहे अ‍ॅनी सी. फंक. मग आईवडिलांची नावं, जन्म १२ एप्रिल १८७४, डिसेंबर १९०६ पासून हिंदुस्थानात जांजगीर इथं मिशनरी, पहिल्याच रजेवर घरी परतताना टायटॅनिक आगबोटीच्या अपघातात मृत्यू, १५ एप्रिल १९१२. शेवटी सेवा करून घेण्यापेक्षा सेवा करण्याबद्दलचं येशूचं वचन. एवढंच.

जांजगीर आज छत्तीसगडात आहे. अ‍ॅनीच्या काळी ते मध्य प्रांतातल्या बिलासपूर जिल्ह्यात होतं आणि त्या प्रांताची राजधानी होती नागपूर. त्याही आधी १८५४ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. बिंबाजी भोसले तर जवळच्या रतनपूरलाच राहून कारभार बघायचे. तेव्हा जांजगीर आपल्याला अगदीच परकं नाही.

टायटॅनिकची हकिगत वाचकांना पाठ आहे. हिमनग, दोन तास चाळीस मिनिटं, शेवटपर्यंत वाजवत राहिलेला वाद्यवृंद, हे सगळं मी पुन्हा सांगणार नाही. मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. अ‍ॅनी फंक आज जी काही ओळखली जाते ती त्या रात्रीच्या दहाएक मिनिटांसाठी. त्या मिनिटांचा नाव-गाव असलेला एकही साक्षीदार नाही, आणि तिच्या माणसांनी उभ्या केलेल्या दगडावर त्यांचा उल्लेखही नाही.

एका कोटाचं भांडण

अ‍ॅनी हिंदुस्थानात आली कशी, हे शोधत मागं गेलं की आपण एका कोटापाशी येऊन थांबतो.

मेनोनाइट हा सोळाव्या शतकातल्या अ‍ॅनाबाप्टिस्ट चळवळीतून निघालेला पंथ. तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा नको, शपथ नको, शस्त्र तर मुळीच नको, ही त्यांची शिकवण. त्यापायी युरोपात छळ झाला, आणि १६८३ पासून ही मंडळी विल्यम पेनच्या वसाहतीत येऊन शेती करू लागली. साधा पेहराव, साधी प्रार्थनाघरं, जर्मन बोली. जगाशी फटकून राहणं हाच धर्म, असं त्यांच्यातले वडीलधारे मानायचे.

१८४० च्या दशकात या समाजात जॉन ओबरहोल्ट्झर नावाचा तरुण उपदेशक निवडला गेला. पेशानं शाळामास्तर, जोडीला कुलपं करण्याचा धंदा. उपदेशकांनी विशिष्ट पद्धतीचा बिनकॉलरचा कोट घालावा असा दंडक होता. ओबरहोल्ट्झरनं तो घालायला नकार दिला. त्यावरून त्याला बैठकीत मत देण्यापासून दूर ठेवण्यात आलं. पुढं तो कोटाला कबूल झाला, पण तोवर त्यानं दुसरी मागणी लावून धरली: पंचांच्या बैठकीचं इतिवृत्त लिहून ठेवा आणि कारभाराचे नियम कागदावर आणा. वडीलधाऱ्यांना हे कोटापेक्षाही झोंबलं. तोंडी चालत आलेल्या सत्तेला कागदाची भीती वाटतेच. १८४७ मध्ये समाज फुटला. घरंच्या घरं दुभंगली, गावोगावच्या मंडळ्यांची दोन शकलं झाली, हेरफर्डचीही झाली. ओबरहोल्ट्झरनं स्वतःचा छापखाना घातला आणि वर्तमानपत्र काढलं. १८६० मध्ये आयोवातल्या काही मंडळ्यांशी मिळून जनरल कॉन्फरन्स नावाचा नवा संघ उभा राहिला, आणि परदेशी मिशन चालवणं हे या संघाच्या उद्दिष्टांत पहिल्यापासून होतं.

फंक कुटुंब या नव्या बाजूचं. म्हणजे एका मास्तरानं कोट घालायला नकार दिला नसता, तर बॅलीची ही मुलगी जांजगीरला येण्याची वाटच उघडली नसती. इतिहासातल्या अशा कार्यकारणाच्या साखळ्या फार ताणू नयेत हे मला कळतं, पण ही साखळी मला मोडवत नाही. दस्तऐवज ठेवा म्हणून भांडलेल्या पंथातल्या बाईची गोष्ट पुढं दस्तऐवजाशिवायच जगभर पसरावी, यात केवढा उपरोध आहे!

दुष्काळ आणि सतरा मुली

मिशनला हिंदुस्थानची दिशा दाखवली ती दुष्काळानं. १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात भयंकर होता. याच वेळी पंडिता रमाबाई तिकडं जाऊन उपासमारीतल्या मुली-बायका घेऊन आल्या आणि केडगावचं मुक्ती सदन वाढत गेलं, हे मराठी वाचकाला ठाऊक असतं. त्याच सुमारास जॉर्ज लँबर्ट नावाचा एक मेनोनाइट उपदेशक मदतीचं धान्य आणि पैसे घेऊन हिंदुस्थानात हिंडत होता. परत गेल्यावर त्यानं या दुष्काळावर पुस्तक लिहिलं. अमेरिकेतल्या शेतकरी मेनोनाइटांच्या घरांत ते वाचलं गेलं. पाठोपाठ संवत छप्पन्नचा दुष्काळ आला. मेनोनाइट पंथातला एक गट १८९९ मध्ये धमतरीला येऊन बसला. जनरल कॉन्फरन्सचे पेनर आणि क्रोकर १९०० मध्ये आले. पेनर यांनी चांप्याला बस्तान बसवलं, तिथं १९०२ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी आश्रम काढला, आणि क्रोकर जांजगीरला राहिले.

मिशनरी कामाबद्दल माझं मत सरळ नाही. पोटात भूक असताना मिळालेल्या धर्माबद्दल शंका घ्यावी, असं मला वाटतं. पण दुष्काळात सावकार काय करत होते, आणि महारोग झालेल्याला गावकुसाबाहेर काढणारे आपण काय करत होतो, हेही त्याच वहीत लिहावं लागतं.

अ‍ॅनी इथं पोचली तेव्हा बत्तीस वर्षांची होती. वेस्ट चेस्टरला शिक्षकी शिक्षण, मग मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थफील्डला मिशनरी शिक्षण. त्यानंतर काही काळ टेनेसीतल्या चॅटनूगाला कृष्णवर्णीय वस्तीत काम, आणि मग न्यू जर्सीतल्या पॅटरसन या रेशीम गिरण्यांच्या शहरात तरुण ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनेत. तिच्या संघानं परदेशी पाठवलेली ही पहिली अविवाहित बाई. तोवर बायका जात त्या उपदेशकाची पत्नी म्हणून. निघताना समुद्रप्रवासाची काळजी करणाऱ्यांना तिनं, देव जमिनीवर जितका जवळ तितकाच पाण्यावरही, अशा अर्थाचं उत्तर दिल्याचं मिशनच्या चरित्रांत येतं. अशी वाक्यं निघताना प्रत्येक मिशनरी बोलत असणार. ती जपून ठेवली जातात ती माणूस कसा मेला हे कळल्यावर.

जांजगीरला येऊन ती हिंदी शिकली आणि १९०८ मध्ये मुलींची शाळा काढली. एक खोली आणि सतरा मुली. बिलासपूर जिल्ह्यातल्या त्या वेळच्या खेड्यांत मुलीला शाळेत घालणं म्हणजे काय, हे कळायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. पुण्यात सावित्रीबाईंनी शाळा काढून साठ वर्षं झाली होती तरी महाराष्ट्राच्या खेड्यांतही चित्र वेगळं नव्हतं. सतरा हा आकडा लहान वाटतो. पण सतरा मुली रोज शाळेत येण्यासाठी किती उंबरे झिजवावे लागले असतील, हे ज्यांनी गावात शाळा चालवली आहे त्यांना विचारावं. पाणी भरायचं, धाकटी भावंडं सांभाळायची, शेतावर भाकरी पोचवायची, आणि मधूनच लग्न. ही सगळी कामं शाळेच्या वेळेतच येतात.

तार

१९१२ मध्ये बॅलीहून तार आली. पाठवणारे होते तिथले पाद्री शेली. आई फार आजारी आहे, ताबडतोब निघ, इंग्लंडहून पुढच्या बोटीचं तिकीट काढून ठेवलं आहे, असा तिचा आशय.

मला या कहाणीतला सगळ्यात बोलका कागद वाटतो तो हा. त्या दोन-तीन वाक्यांत एका समाजाची पूर्ण घडी आहे. परदेशी राहणाऱ्या मुलीला आईचा आजार कळवायचं काम बापाचं नव्हे, पाद्र्याचं. तिकिटाचे पैसे तिच्याजवळ नसणार हे गृहीत धरून ते आधीच भरलेले. आणि येतेस का, हा प्रश्न नाहीच. तिच्या जागी मुलगा असता तर कदाचित काम सोडून येता येईल का, असं विचारलं असतं. अविवाहित लेक होती. आई आजारी म्हटल्यावर ती निघणारच.

जांजगीरला स्टेशन नैला. तिथून बंगाल-नागपूर रेल्वेनं नागपूर, पुढं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं मुंबई. मुंबईहून पी अँड ओ कंपनीच्या ‘पर्शिया’ बोटीनं सुएझमार्गे मार्सेय, मग रेल्वेनं फ्रान्स ओलांडून इंग्लंड. (‘पर्शिया’चं नशीबही पुढं फिरलं. ३० डिसेंबर १९१५ ला क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीनं तिला बुडवलं आणि तीनशेवर माणसं गेली.) इंग्लंडमध्ये तिच्यासाठी काढलेलं तिकीट होतं ‘हॅवरफर्ड’ या साध्यासुध्या बोटीचं. ही अमेरिकन लाइनची बोट लिव्हरपूलहून फिलाडेल्फियाला जायची. बॅलीला जायला यापेक्षा सोयीचं बंदर नाही.

‘हॅवरफर्ड’ निघालीच नाही. कारण कोळसा.

१ मार्च १९१२ पासून ब्रिटनच्या खाणकामगारांचा देशव्यापी संप सुरू होता. किमान वेतनाचा कायदा करा, ही मागणी. सुमारे दहा लाख कामगार बाहेर. मार्चअखेर पार्लमेंटनं कायदा केला, ६ एप्रिलला संप मिटला, पण बंदरात लगेच कोळसा कुठून येणार? साउदॅम्प्टनला बोटी ओळीनं उभ्या होत्या. टायटॅनिकची पहिली सफर १० एप्रिलला ठरलेली, ती चुकवणं मालकांना परवडणारं नव्हतं. म्हणून इतर बोटींच्या पोटातला कोळसा उपसून तिच्यात भरला गेला. आणि कोळशामागोमाग त्या बोटींचे उतारूही.

इथं ‘मालक’ हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. टायटॅनिक व्हाइट स्टार लाइनची आणि हॅवरफर्ड अमेरिकन लाइनची, असं आपण म्हणतो खरं, पण दोन्ही कंपन्या एकाच खिशातल्या होत्या. जे. पी. मॉर्गन यांनी १९०२ मध्ये उभ्या केलेल्या इंटरनॅशनल मर्कंटाइल मरीन या बड्या मक्तेदार संघानं अटलांटिकवरच्या कित्येक कंपन्या गिळल्या होत्या. त्या संघाचे अध्यक्ष ब्रूस इस्मे स्वतः टायटॅनिकवर होते. म्हणजे एकाच घराच्या एका दारातून आत गेलेल्या प्रवाशाला दुसऱ्या दारानं बाहेर काढलं, इतकंच. थॉमस कुक या प्रवासी कंपनीच्या माणसांनी अ‍ॅनीला नवी बोट सुचवली. दुसऱ्या वर्गाचं तिकीट, किंमत १३ पौंड, वर थोडे डॉलर तिनं पदरचे घातले. १२ एप्रिलला, भर समुद्रात, तिला अडतीस वर्षं पूर्ण झाली.

‘हॅवरफर्ड’ त्यानंतर कैक वर्षं चालली आणि म्हातारी होऊन भंगारात गेली.

शेवटची जागा

आता त्या दहा मिनिटांकडं.

मेनोनाइट लिखाणात आणि टायटॅनिकवरच्या असंख्य पुस्तिकांत अ‍ॅनीची गोष्ट अशी येते. बोटीवरच्या नोकरांनी तिला उठवलं, ती कपडे करून वर आली, जीवरक्षक होडीत पाय ठेवणार इतक्यात मागून एक बाई ‘माझी मुलं, माझी मुलं’ असं ओरडत आली. होडीत एकच जागा उरली होती. ती अ‍ॅनीनं त्या आईला दिली.

ही कथा वाचलेल्या उतारूंच्या हवाल्यानं सांगतात. पण तो उतारू कोण, हे कुठंच येत नाही. अमेरिकन सिनेटच्या चौकशीत शेकडो पानं साक्षी झाल्या, लंडनला लॉर्ड मर्सी यांच्यापुढं झाल्या, प्रवाशांनी पत्रं लिहिली, पुस्तकं लिहिली. त्यांत अ‍ॅनी फंकला होडीशी पाहिल्याचं नावानिशी कुणी सांगितलेलं नाही.

त्याहून मजेशीर आहे तो पाठभेद. कथेचं एक रूप असं आहे की मागून आलेल्या बाईनं अ‍ॅनीला बाजूला सारलं, शेवटची जागा गेली, आणि अ‍ॅनीला मागं सरकावं लागलं. दुसऱ्या रूपात ती आपणहून मागं होते आणि जागा देते. पहिल्या रूपात गर्दी आहे, घबराट आहे, एका आईचा धसमुसळेपणा आहे. अ‍ॅनी तिथं निव्वळ मागं पडलेली बाई आहे. दुसऱ्यात ती संत झाली. पोथ्यांच्या पाठभेदांत संपादक मंडळी एक नियम पाळतात: दोन पाठांपैकी जो गैरसोयीचा तो बहुधा आधीचा, कारण सोयीचा पाठ मागाहून कुणीतरी घडवतं, गैरसोयीचा कुणी मुद्दाम घडवत नाही. हा नियम लावला तर ढकललं जाण्याची गोष्ट जुनी आणि त्यागाची नंतरची, असं मी म्हणेन.

मग ती आई कोण? इथं दुसऱ्या वर्गातल्या एका खऱ्या आईची गोष्ट सांगायला हवी. हिंदुस्थानातून आलेले उतारू त्या वर्गात आणखीही होते. त्यांत गुंटूरच्या लुथरन मिशनमधल्या नेली बेकर होत्या, बारा वर्षांची रूथ, चार वर्षांची मॅरियन आणि आजारी रिचर्ड या तीन मुलांसह. रिचर्डच्या दुखण्यावर अमेरिकेत इलाज करायचा, म्हणून नवऱ्याला मागं ठेवून त्या निघाल्या होत्या. ११ नंबरच्या होडीशी अधिकाऱ्यानं दोन धाकटी मुलं आत टाकली आणि होडी भरली म्हणून जाहीर केलं. मला माझ्या मुलांबरोबर जाऊ द्या, म्हणून आई ओरडली, विनवण्या केल्या, आत शिरली. मग लक्षात आलं की रूथ वरच राहिली. दुसऱ्या होडीत बस, असं आईनं खालून ओरडून सांगितलं, आणि रूथ १३ नंबरच्या होडीत चढली. चौघंही वाचली. रूथ पुढं शिक्षिका झाली, कित्येक वर्षं या विषयावर बोललीच नाही, आणि म्हातारपणी बोलू लागली तेव्हा हे सगळं तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

मुलांसाठी ओरडणारी आई, भरलेली होडी, हिंदुस्थानातलं मिशन, दुसरा वर्ग. अ‍ॅनीच्या कथेतला कच्चा माल त्या रात्री डेकवर हजर होता. नेली बेकरनं अ‍ॅनीची जागा घेतली असं मला अजिबात सुचवायचं नाही. अशा आया बऱ्याच होत्या, त्यांच्या किंकाळ्या वाचलेल्या प्रत्येकाच्या कानात होत्या, आणि पेनसिल्व्हेनियात शोक करणाऱ्या घराला आपल्या मुलीचं मरण कुठंतरी बसवायचं होतं. शेवट त्यांच्या श्रद्धेनं पुरवला.

तुलनेला एडिथ इव्हान्सची गोष्ट घ्या. पहिल्या वर्गातली ही बाई. शेवटी उतरवलेल्या घडीच्या होडीशी ती कॅरोलाइन ब्राउन यांना म्हणाली की तुम्हाला मुलं आहेत, तुम्ही आधी चढा. ब्राउनबाई वाचल्या आणि त्यांनीच हे सांगितलं. वाचलेले एक उतारू कर्नल आर्चिबाल्ड ग्रेसी यांनी ते लिहून ठेवलं. इथं त्याग आहे, नाव आहे, साक्ष आहे. पण याच होडीत, ती खाली जात असताना, वूलनर आणि स्टेफनसन या दोन पुरुषांनी खालच्या डेकवरून उडी मारली, कारण पुढच्या भागात जागा रिकामी दिसत होती. म्हणजे एडिथनं ज्या होडीपायी जीव दिला ती भरलेली नव्हती.

आणि इथंच सगळ्या ‘शेवटच्या जागे’च्या कथा मला अस्वस्थ करतात.

आकडे

टायटॅनिकवरच्या वीस होड्यांत मिळून १,१७८ माणसांची सोय होती. मर्सी यांच्या अहवालाप्रमाणे बोटीवर २,२०१ माणसं होती आणि वाचली ७११. सगळ्यांना पुरतील इतक्या होड्या नव्हत्या, हे शाळेतली मुलंही सांगतात. पण ज्या होत्या त्यांतल्याही साडेचारशेच्या वर जागा रिकाम्या गेल्या, हे फारसं सांगितलं जात नाही. चाळीस जणांच्या एका होडीत तर बारा माणसं होती. होड्यांचा सरकारी नियम १८९४ चा. दहा हजार टनांवरच्या सगळ्या बोटींना तो एकच आकडा लावायचा, आणि टायटॅनिक होती सेहेचाळीस हजार टनांची. त्यामुळं कंपनीनं कायदा मोडला नव्हता. कायद्यात जेवढं लिहिलं होतं त्याहून थोड्या जास्तच होड्या होत्या.

दुसऱ्या वर्गाचे आकडे बघा. मुलं चोवीस, सगळी वाचली. बायका त्र्याण्णव, वाचल्या ऐंशी. पुरुष एकशे अडुसष्ट, वाचले चौदा. म्हणजे दुसऱ्या वर्गात बाई असणं याचा अर्थ त्या रात्री बहुतेक वेळा वाचणं असाच होता. ज्या तेरा गेल्या त्यांतल्या काहींनी नवऱ्याला सोडायचं नाकारलं. अ‍ॅनी एकटी होती. थांबण्यासाठी तिच्याजवळ कुणी नव्हतं. तिसऱ्या वर्गात मात्र एकशे पासष्ट बायकांतल्या शहात्तरच वाचल्या, आणि एकोणऐंशी मुलांतली बावन्न गेली. त्या बावन्न मुलांच्या आया कुणाच्या जागा मागत होत्या, आणि त्या होडीपर्यंत पोचल्याच का नाहीत, याची एवढी लोकप्रिय कथा नाही.

त्यागाची कथा सांगितली की प्रश्नाचा रोख बदलतो. होड्या अर्ध्या रिकाम्या का गेल्या, हा कंपनीला आणि सरकारला विचारायचा प्रश्न. अ‍ॅनीनं आपली जागा कुणाला दिली, हा अ‍ॅनीला विचारायचा प्रश्न. दुसरा प्रश्न ऐकायला गोड, आणि त्याचं उत्तर ठरलेलं. व्हाइट स्टार लाइनच्या वकिलांना याहून बरी कथा सुचली नसती. इस्मेसाहेब, ज्यांच्या संघानं अ‍ॅनीला एका बोटीवरून दुसरीवर घातलं, ते स्वतः घडीच्या होडीतून वाचले, त्या होडीत जागा होती म्हणून.

वीरगळाची रीत

माणसाच्या मरणाची अशी कथा करायची रीत आपल्यालाही परकी नाही. बोरिवलीच्या एकसरला वीरगळ आहेत, समुद्रावरच्या लढाईचे. खालच्या पट्ट्यांत वल्ही मारणारी गलबतं, पाण्यात पडणारी माणसं; वर चढत जावं तसं युद्ध संपतं, अप्सरा वीराला नेतात, आणि सगळ्यात वर तो शिवाच्या पूजेत. काही अभ्यासक ही लढाई यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांची मानतात. हरला कोण, आरमार कुणी कुचकामी ठेवलं, हे वीरगळ सांगत नाही. खालच्या पट्टीतला चेंगरलेला माणूस वरच्या पट्टीत देवापुढं बसला, की हिशेब पुरा. अ‍ॅनीच्या दंतकथेनं नेमकं हेच केलं: खाली होडीची झुंबड, मध्ये त्याग, वर संतपद.

बॅलीच्या दगडानं ते केलं नाही, आणि म्हणून मला तो इतका आवडतो. मेनोनाइटांची कबर म्हणजे एरवी ठेंगणी पाटी, नाव आणि तारखा. अ‍ॅनीचा दगड मोठा आहे, मजकूर लांब आहे. गावाला या मुलीचा अभिमान होता हे त्यावरून दिसतंच. लिहिणाऱ्यांपुढं मोह किती असेल! पण त्यांनी आधी जांजगीर कोरलं, कामाची वर्षं कोरली, आणि टायटॅनिक आली ती मरणाचं कारण म्हणून. सेवेचं वचन आहे, ते तिच्या आयुष्याला उद्देशून आहे. होडी नाही, आई नाही, शेवटची जागा नाही. इतिवृत्त लिहा म्हणून भांडलेल्या ओबरहोल्ट्झरचे हे वारस. ठाऊक तेवढंच त्यांनी कोरलं. जांजगीरच्या शाळेला पुढं अ‍ॅनीचं नाव देण्यात आलं, तेही तिच्या कामाला धरूनच.

आपल्याकडं १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसकडं निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेवर माणसं गेली. तिच्याबद्दलही कोकणात कथा आहेत: कुणी कुणाला पाण्यात धरून ठेवलं, कुणी आपली फळी दुसऱ्याला दिली. त्या खोट्या आहेत असं कुणी म्हणू नये. बुडत्या माणसांत मोठेपणा असतो आणि रूथ बेकरसारख्या एखादीच्या तोंडून तो कळतोही. पण रामदासवर बिनतारी यंत्र नव्हतं, आणि पोहत किनाऱ्याला लागलेल्या माणसांनी मुंबईला बातमी पोचवली, ही माहिती त्या फळीच्या कथेआधी सांगितली पाहिजे. तसंच अ‍ॅनी फंकबद्दल कुणी विचारलं तर मी आधी सांगेन की ती जांजगीरच्या मुलींच्या शाळेतली बाई होती आणि १९०८ मध्ये तिच्या वर्गात सतरा मुली होत्या. मग सांगेन की संपामुळं तिची बोट रद्द झाली आणि त्याच मालकांच्या दुसऱ्या बोटीनं तिला बुडवलं. त्यागाचं कुणाला ऐकायचंच असेल, तर ज्या प्रांतात तिचं कुणी नव्हतं तिथं तिनं घालवलेली ती वर्षं आहेत, आणि त्यांना साक्षीदारांची वाण नव्हती.